वेस्ट ब्रांच: हर्बर्ट हूव्हर यांचे गाव आणि संग्रहालय

शिकागोहून डेन्व्हरकडे मोटारीने जाणाऱ्या बहुतेकांना आयोवा राज्य लवकरात लवकर मागे टाकायचे असते, कारण आय-८० महामार्गाच्या दोन्ही बाजूंना मैलोन् मैल मका आणि सोयाबीनच दिसत राहते. काही वर्षांपूर्वी बीडहून आमच्याकडे आलेले आई-बाबा, पत्नी आणि शाळकरी मुलगी यांच्यासह मी त्याच रस्त्याने निघालो होतो आणि आयोवा सिटीच्या थोडे अलीकडे वेस्ट ब्रांच या लहानशा गावात आम्ही मुद्दाम थांबलो. अमेरिकेचे ३१ वे राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांचे जन्मघर, संग्रहालय आणि समाधी तिथे एकमेकांपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर आहेत. १९३२ च्या निवडणुकीत मतदारांनी इतक्या निर्धाराने नाकारलेल्या नेत्याची स्मृती त्याच्याच गावात कशी जपली जाते, हे मला पाहायचे होते.

जन्मघर जेमतेम १४ फूट रुंद आणि २० फूट लांब, दोन खोल्यांचे आहे. हूव्हर यांचा जन्म १८७४ साली इथे एका लोहाराच्या घरात झाला. वडील १८८० मध्ये गेले, आई १८८४ मध्ये, आणि पोरका झालेला हा मुलगा पुढे ओरेगनला मामांकडे वाढला. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडून त्यांनी खाण अभियंता म्हणून ऑस्ट्रेलिया आणि चीनमध्ये नाव व पैसा कमावला. संग्रहालयातील हा भाग आम्ही भरभर पाहिला.

आई थबकली ती पिठाच्या पिशव्यांपाशी. पहिल्या महायुद्धात जर्मनीने बेल्जियम व्यापले आणि ब्रिटनने सागरी नाकेबंदी केली, तेव्हा धान्यासाठी आयातीवर विसंबणारा तो देश उपासमारीच्या तोंडाशी आला. लंडनमध्ये असलेल्या हूव्हर यांनी १९१४ मध्ये मदत आयोग उभा केला, आणि दोन्ही युद्धमान पक्षांशी वाटाघाटी करून बेल्जियम व उत्तर फ्रान्समधील सुमारे ९० लाख लोकांपर्यंत अन्न पोहोचवले. अमेरिकेतून आलेले पीठ सुती पिशव्यांत भरलेले असे. तो कापूस दारूगोळ्यासाठी जर्मनांच्या हाती पडू नये म्हणून रिकाम्या पिशव्यांचाही हिशेब ठेवला जाई. त्यांतल्या कितीतरी पिशव्यांवर बेल्जियन स्त्रियांनी भरतकाम केले आणि त्या कृतज्ञतेने अमेरिकेला पाठवल्या. त्यांचा मोठा संग्रह इथे आहे. गिरणीचे छापील नाव तसेच ठेवून त्याच अक्षरांवरून रेशमाने टाके घातलेले पाहून, आयुष्यभर भरतकाम केलेली आई काचेशी वाकून एकेक टाका न्याहाळत राहिली. युद्धातल्या उपासमारीची इतकी नेटकी, इतकी मानी साक्ष मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

त्यानंतर महामंदीचे, म्हणजे हूव्हर राष्ट्राध्यक्ष असताना १९२९ पासून आलेल्या आर्थिक संकटाचे, दालन येते, आणि माझ्या मुलीने विचारलेला प्रश्न तिथे टाळता येत नाही: परक्या देशातल्या लोकांना जेवू घालणाऱ्या माणसाने स्वतःच्या देशातल्या भुकेल्यांना का दिले नाही? हूव्हर यांची श्रद्धा अशी होती की मदत शेजाऱ्यांनी, स्थानिक संस्थांनी आणि रेड क्रॉसने करावी. केंद्र सरकारने थेट माणसाच्या हातात मदत ठेवली, तर त्याचा स्वावलंबी कणा मोडेल. म्हणूनच १९३०-३१ च्या दुष्काळात त्यांनी शेतकऱ्यांना बियाणे आणि जनावरांचा चारा यांसाठी सरकारी कर्ज मान्य केले, पण माणसांच्या अन्नासाठी सरकारी पैसा देण्यास विरोध केला. जुलै १९३२ मध्ये राज्यांना मदतकार्यासाठी ३० कोटी डॉलर कर्जाऊ देण्याचा कायदा झाला, पण तोवर फार उशीर झाला होता. त्या वर्षीच्या निवडणुकीत ४८ पैकी अवघी सहा राज्ये त्यांच्या बाजूने राहिली आणि त्यांत आयोवा नव्हते. अशी संग्रहालये खासगी देणग्यांतून उभी राहतात आणि राष्ट्रीय अभिलेखागार ती चालवते, त्यामुळे मांडणी नायकाकडे थोडी कललेली असणे मी समजू शकतो. तरीही चारा आणि अन्न यांतला हा भेद समजावून सांगायला एक आख्खी भिंत दिली असती, तरी मला ती जास्त वाटली नसती.

समाधीची टेकडी चढून आल्यावर आम्ही झाडाखाली डबे उघडले, आणि बाबा बोलू लागले. १९७२ च्या दुष्काळात ते महाविद्यालयात होते आणि सुट्टीत खडी फोडण्याच्या कामावर जात होते. अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो (ज्वारीचा एक प्रकार), लहान मुलांना वाटली जाणारी सुकडी, आठवड्याच्या मजुरीसाठी मुकादमाच्या हजेरीपटावर दिलेला अंगठा, हे सारे त्यांनी नातीला सविस्तर सांगितले. ‘कामाचे पैसे सरकारचेच होते, पण आम्हाला कोणी भीक घालतो आहे असे कधी वाटले नाही,’ असे ते म्हणाले. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना त्याच दुष्काळात महाराष्ट्रभर पसरली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. सरकारी मदतीने माणसाचा कणा मोडतो, ही हूव्हर यांची भीती मला प्रामाणिक वाटते, पण पाझर तलावांच्या आणि नालाबांधांच्या कामांवर राबलेली माझ्या वडिलांची पिढी तिचा प्रतिवाद करते, आणि त्या वादात मी वडिलांच्या बाजूने आहे.