झेंगरीणबाईंच्या मागे

‘आपल्याच घराण्यातल्या बायकांची नावं धड सापडत नाहीत, आणि तुम्ही तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या जर्मन बाईच्या मागे कशाला लागलात?’ हे मला इतक्या जणांनी विचारलंय की एकदा नीट लिहूनच टाकते.

मागे लागले ती एका ‘इन’मुळे. १७१० साली न्यूयॉर्कला उतरलेल्या जर्मन निर्वासितांच्या यादीत जोहाना नावाची एक बाई आहे. वय ३३, सोबत तीन मुलं. नवऱ्याचं आडनाव झेंगर, पण हिच्या नावापुढे ‘झेंगरिन’च्या वळणाचं काहीतरी लिहिलंय. तेव्हा जर्मन लोक बाईच्या आडनावाला ‘इन’ जोडत. पाटलाची पाटलीण, कुलकर्ण्याची कुलकर्णीण, तशी ही झेंगरीणबाई! ते वाचलं आणि ती मला एकदम ओळखीची वाटली.

ही माणसं ऱ्हाइनकाठच्या पॅलेटिनेट भागातली. फ्रेंच फौजांनी मुलूख तुडवलेला, त्यात १७०९चा हिवाळा असा की द्राक्षवेली गोठून मेल्या. इंग्लंडची राणी अमेरिकेत जमीन देते, अशी वार्ता पसरली आणि त्या एका वर्षात तेरा हजारांच्या आसपास माणसं लंडनला येऊन तंबूंत राहिली. त्यांतल्या सुमारे तीन हजारांना न्यूयॉर्कला धाडलं, ते आरमाराच्या जहाजांसाठी पाइनच्या झाडांपासून डांबर काढायला. वाटेत चारशेहून अधिक दगावले. जोहानाचा नवराही त्यांतच गेला.

पुढचा कागद वाचताना मला अजूनही थांबावं लागतं. गव्हर्नर रॉबर्ट हंटर या निर्वासितांची पोरं उमेदवारीला बांधून देत होता, अनाथ तर दिलीच, पण आई जिवंत असलेलीही दिली. २६ ऑक्टोबर १७१० रोजी जोहानाच्या संमतीने तिचा थोरला, जॉन पीटर, विल्यम ब्रॅडफर्डच्या छापखान्यात आठ वर्षांसाठी गेला. दुसरा काय मार्ग होता तिच्यापुढे? ‘संमती’ हा शब्द तिथे फार जड आहे.

तोच मुलगा पुढे ‘न्यूयॉर्क वीकली जर्नल’ या साप्ताहिक वृत्तपत्राचा मुद्रक झाला आणि गव्हर्नर कॉस्बीवरच्या टीकेपायी नोव्हेंबर १७३४मध्ये तुरुंगात गेला. छापलेलं खरं असेल तर ती बदनामी कशी, हा वकील अँड्र्यू हॅमिल्टनचा मुद्दा ज्युरीने मानला आणि ऑगस्ट १७३५मध्ये तो सुटला. हे सगळे सांगतात. मधल्या साडेआठ महिन्यांत पत्राचा फक्त एक अंक चुकला, हे मात्र घाईत राहून जातं. जामीन परवडण्यासारखा नव्हता. तुरुंगाच्या दाराला भोक होतं, त्यातून तो बायकोला आणि नोकरांना सूचना द्यायचा आणि दर सोमवारी अंक निघायचा.

ही बायको अ‍ॅना कॅथरिना, जोहानाची सून. लग्न १७२२चं. तिचं माहेरचं आडनाव माउल, पण जुन्या नोंदींत ते ‘माउलिन’ असं येतं. पुन्हा तेच ‘इन’! वंशावळ जुळवणारा ते वेगळंच आडनाव समजला की माहेरची वाट तिथेच बंद होते. आमच्या कुलवृत्तांतात माझ्या पणजीचं फक्त सासरचं नाव आहे, त्यामुळे ही बंद वाट मला चांगली माहीत आहे.

१७४६मध्ये नवरा वारला. त्यानंतर दोन वर्षं पत्र तिने चालवलं, मग सावत्र मुलाच्या हाती दिलं. त्या अंकांवर मुद्रक म्हणून छापलंय: विधवा कॅथरिन झेंगर. ‘इन’ नाही.