पोटरीतला ताण आणि पोचट दाणा

भाताचा परागकोश काचपट्टीवर सुईने फोडावा, त्यावर आयोडीन आणि पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणाचा एक थेंब सोडावा आणि सूक्ष्मदर्शकातून पाहावे. निरोगी परागकण गोल, भरीव आणि काळाभोर दिसतो, कारण त्यात साठलेले पिष्ट आयोडीनचा रंग धरते. नाजूक अवस्थेत थंडी सोसलेल्या फुलातले कण मात्र फिकट, आक्रसलेले आणि आतून रिकामे असतात. हे मी अनेकदा पाहिले आहे आणि दर वेळी मन खट्टू होते, कारण ज्या रोपाचे ते फूल असते, ते बाहेरून हिरवेगार आणि टवटवीत दिसत असते.

दाणा भरला नाही की आपण फुलोऱ्याच्या दिवसांतल्या हवेला दोष देतो. पुष्कळदा नुकसान त्याआधीच, पीक पोटरीत असताना, म्हणजे लोंबी अजून पानाच्या आवरणात दडलेली असताना, झालेले असते. तेव्हा परागकोशातल्या मातृपेशींचे अर्धसूत्री विभाजन होऊन प्रत्येकीपासून चार कोवळे सूक्ष्मबीजाणू, म्हणजे पुढे परागकण होणाऱ्या पेशी, तयार होतात आणि त्यांचे सारे पोषण टॅपेटम नावाच्या, परागकोशाला आतून अस्तरासारख्या लागलेल्या पेशींच्या थराकडून होते. परागकण पिकत आले की हा थर स्वतः विरघळून जातो. त्याचे विरघळणे वेळेवर होणे फार महत्त्वाचे असते. उष्णतेमुळे तो अकाली विरला तर कोवळे कण उपाशी राहतात; भातात थंडीमुळे तो उलट फुगून बसतो, आणि तेव्हाही कणांचे पोषण बिघडतेच. या अवस्थेत तापमान काही दिवस २० अंश सेल्सिअसच्या बरेच खाली राहिले, तर त्याचा परिणाम लोंबी निसवल्यावर पोचट दाण्यांच्या रूपाने समोर येतो.

पाण्याच्या ताणाचे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. सैनी आणि ॲस्पिनॉल यांनी १९८१ मध्ये गव्हावर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अर्धसूत्री विभाजनाच्या सुमारास पाणी तोडलेल्या रोपांचे बरेच परागकण वंध्य निघाले, पण त्याच रोपांच्या स्त्रीकेसरांवर निरोगी पराग टाकल्यावर दाणे धरले. म्हणजे अंडाशय शाबूत होता, उणीव परागाची होती. पुढच्या संशोधनातून असेही दिसले की अशा परागकोशात साखर संपलेली नसते, उलट साचलेली असते. तिचे विघटन करणाऱ्या इन्व्हर्टेज विकराचे काम मंदावल्यामुळे तिच्यापासून पिष्ट बनत नाही. ताटात अन्न असूनही घास गिळता येऊ नये, तशी ही अवस्था असते. त्या नाजूक दिवसांनंतर कितीही पाणी दिले, तरी रिकामे राहिलेले कण पुन्हा भरत नाहीत.

उष्णतेचा दुसरा घाव ऐन उमलण्याच्या वेळी बसतो. भाताचे फूल जेमतेम तासभर उघडे असते आणि तेवढ्या वेळात त्याचे तापमान ३५ अंशांपलीकडे गेले, तर अनेक जातींत परागकोश नीट फाटत नाहीत आणि कुक्षीवर पुरेसे पराग पडत नाहीत. ओरायझा ऑफिसिनॅलिस या जंगली भाताची फुले सकाळी लवकर उमलतात. हा गुण लागवडीच्या भातात आणण्याचे काम झाले आहे आणि ते मला अतिशय मोलाचे वाटते. मक्यात तर पराग चांगला असूनही घात होऊ शकतो, कारण पाण्याच्या ताणाखाली तुऱ्यातून पराग झडू लागतो तेव्हा तो झेलणारे कणसाचे केस बाहेर आलेलेच नसतात.

काळ्या रंगावरही फार विसंबू नये. आयोडीन फक्त पिष्ट दाखवते. तो कण कुक्षीवर रुजेल की नाही, हे सांगत नाही. त्यासाठी साखर, बोरिक आम्ल आणि कॅल्शियम नायट्रेटच्या माध्यमावर पराग पेरून परागनलिका निघते का, हे पाहावे लागते. पूर्ण काळ्या दिसणाऱ्या नमुन्यातूनही कधीकधी मोजक्याच नलिका निघतात, आणि निघालेल्या काही आखूड राहून टोकाशी फुटतात.

म्हणूनच, उष्णता सोसणारे वाण केवळ पानांच्या टवटवीवरून निवडणे मला अपुरे वाटते. नोंदवहीत निदान दोन तारखा तरी हव्यात: पीक पोटरीत आले तो दिवस आणि पहिले फूल उमलले तो दिवस. त्यांच्यासमोर त्या काळातले रात्रीचे आणि दुपारचे तापमान लिहिलेले असले, की पोचट लोंबी हातात आल्यावर मागे जाऊन ताणाचा दिवस शोधता येतो.