आमची वाटचाल : ‘का?’पासून ‘कशामुळे?’पर्यंत

१९८७ साली वडिलांनी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात भाड्याच्या गाळ्यात एक जुनं लेथ टाकलं. तेव्हा उद्यमनगरात ऑइल इंजिनच्या पार्टचं काम मुबलक होतं आणि वडिलांचा हात मापाला पक्का होता. तेवढ्या भांडवलावर आमचं घर उभं राहिलं. डिप्लोमा करून मी २००१ मध्ये गाळ्यात आलो. २००६ मध्ये कर्ज काढून गोकुळ शिरगाव एमआयडीसीत शेड आणि पहिलं सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं मशिन, घेतलं. आज ७ मशिन आणि २६ माणसं आहेत. आसपासच्या फौंड्रीतून बिडाचं कास्टिंग येतं, आम्ही त्याचं मशिनिंग करतो आणि बहुतेक माल पुण्याकडे जातो.

मला लिहायचं आहे ते २०१४ बद्दल. पंपाचं एक बेअरिंग हाउसिंग, म्हणजे बेअरिंग ज्यात बसतं ते घर, आम्ही करायचो. ५२ मिमीचं बोअर (आतलं गोल भोक), टॉलरन्स (मापात चालणारा फरक) ३० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी. ग्राहकाकडे त्यात बेअरिंग ढिलं बसत होतं. पाच महिन्यांत तिसऱ्यांदा तीच तक्रार आली, तेव्हा दोन पोरांना घेऊन मी रात्रीच्या एसटीने निघालो. त्यांच्या स्टोअरमध्ये जमिनीवर बसून १,८०० नगांना एकेक करून प्लग गेज, म्हणजे भोकाचं माप तपासायचा दांडा, लावला. ६१ नग बाद निघाले. संध्याकाळी त्यांच्या क्वालिटीच्या इंजिनिअरने माझ्यापुढे दोन कागद ठेवले. आधीच्या दोन तक्रारींना मीच दिलेली उत्तरं होती ती. दोन्हीवर माझ्या अक्षरात लिहिलं होतं : ‘मूळ कारण – ऑपरेटरचा निष्काळजीपणा. उपाय – ऑपरेटरला समज दिली.’ तो मुलगा शांतपणे म्हणाला, “पहिल्या वेळी एक ऑपरेटर होता, दुसऱ्या वेळी दुसरा. दोन वेगळी माणसं अगदी सारखीच निष्काळजी कशी होतील, साहेब?”

परतीच्या प्रवासात मला झोप आली नाही. पहिल्या ऑपरेटरचा मी त्या महिन्याचा बोनस कापला होता. कागल तालुक्यातला पोरगा. महिनाभराने तो काम सोडून गेला.

त्याच सुमारास एका मोठ्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक इंजिनिअर आमच्याकडे येऊ लागले. त्यांची नोकरी जपानी लोकांबरोबर काम करण्यात गेली होती. आम्ही त्यांना ‘सर’ म्हणायचो. पहिल्या दिवशी त्यांनी चहा घेता घेता ताइइची ओनो यांचं उदाहरण सांगितलं. टोयोटाची उत्पादन पद्धत घडवणारे ते हेच. मशिन बंद पडलं, कारण फ्यूज उडाला. फ्यूज कशाने उडाला? लोड जास्त आला. लोड कशाने वाढला? बेअरिंगला पुरेसं ऑइल नव्हतं. ऑइल का नव्हतं? पंप नीट ओढत नव्हता. पंप का ओढत नव्हता? त्याचा शाफ्ट झिजला होता. तो कशाने झिजला? पंपाला गाळणी नव्हती, बारीक चिप्स, म्हणजे धातूचा कीस, आत जात होत्या. फ्यूज बदलून मशिन चालू झालं असतं, पण काही दिवसांनी पुन्हा फ्यूज उडाला असता. बसवायची होती ती गाळणी. पाच वेळा ‘का’ विचारण्याची ही रीत टोयोटात साकिची तोयोदांपासून आली, असं मानतात. टोयोटा उद्योगसमूहाचे ते संस्थापक, सुताराचे पुत्र. १९२४ मध्ये त्यांनी असा यंत्रमाग पुरा केला की सूत तुटलं की माग आपोआप थांबे. हे ऐकताना आमचे एक फिटर मामा पुढे सरकून बसले. तरुणपणी ते इचलकरंजीत मागावर होते. सूत तुटल्याचं ध्यानात न येता माग चालत राहिला की किती कापड वाया जातं, हे आमच्यात त्यांनाच ठाऊक होतं.

मी उत्साहाने दुसऱ्याच दिवशी सुरुवात केली. ऑपरेटरला केबिनमध्ये बोलावलं, समोर कागद घेतला आणि विचारलं, “बोअर मोठं का झालं?”

“चूक झाली, साहेब.”

“चूक का झाली?”

त्याने मान खाली घातली.

“लक्ष का नव्हतं?”

“पगारातनं कापून घ्या, साहेब,” तो म्हणाला. त्याचा आवाज कापत होता. सर कोपऱ्यात बसले होते. त्यांनी हाताने मला थांबवलं आणि मुलाला चहा प्यायला पाठवलं.

मग त्यांनी जे सांगितलं त्यावर आमचं पुढचं सगळं काम उभं आहे. आपल्याकडे ‘का’ हा प्रश्नच राहिलेला नाही, ते म्हणाले. लहानपणापासून आपण ‘का सांडलंस?’, ‘का पडलास?’, ‘का उशीर केलास?’ असंच ऐकतो. त्याला उत्तर द्यायचं नसतं, मान खाली घालायची असते. जपानीतलं ‘नाझे’ आपण सरळ ‘का’ म्हणून उचललं, तर समोरच्याच्या कानावर प्रश्न पडतच नाही, धपाटा पडतो. ‘कशामुळे झालं?’ असं विचारा. ‘केलंस’ नको, ‘झालं’ म्हणा. आणि केबिनमध्ये विचारू नका, जिथे झालं तिथे उभं राहून विचारा.

एवढासा शब्द, पण बदलायला मला कित्येक महिने लागले. तोंडात ‘का रं’ बसलेलं असतं.

सोमवारी आमची सुट्टी असते. मंगळवारी सकाळी सातला सरांनी मला त्या सीएनसीपासून चार फुटांवर खडूने गोल काढून त्यात उभं केलं. ओनो म्हणे नवख्या इंजिनिअरांना असंच उभं करत आणि तासन्‌तास बघत राहायला लावत. मला दोन अटी होत्या : कुणाला काही सांगायचं नाही आणि गोलाबाहेर यायचं नाही. प्रत्येक नगावर पेंटने नंबर आणि वेळ टाकली जात होती. पहिला तासभर मला काहीच वेगळं दिसलं नाही. मग मापांचा कागद पाहिला. सातला लावलेल्या ऑफसेटवर, म्हणजे मशिनला दिलेल्या मापाच्या दुरुस्तीवर, पहिले नग मधोमध होते. पुढे बोअर हळूहळू वाढत गेलं. आठच्या सुमारास काही नग वरच्या मर्यादेच्या १० ते १५ मायक्रॉन बाहेर गेले. मग ऑपरेटरने ऑफसेट बदलला आणि नऊनंतर दिवसभर माप जागचं हललं नाही. मी विचारलं, “हे कशामुळे होत असेल?” मुलगा जरा घुटमळला आणि म्हणाला, “मशिन गरम हुस्तवर साइज धरत न्हाई, साहेब. आमाला सगळ्यास्नी ठावं हाय.”

सगळ्यांना ठाऊक होतं, मला नव्हतं. मी कधी तसं विचारलंच नव्हतं.

तिथेच मशिनजवळ कागद लिहिला. बोअर मोठं झालं, कारण पहिल्या दीड तासात मशिन तापत असताना माप सरकतं. ते पकडलं गेलं नाही, कारण मापणी दर ५० नगांनी एकदा होती. मशिन आधी तापवून घेतलं नाही, कारण ऑपरेटर सातला थेट काम लावतो. थेट काम लावतो, कारण नगांची मोजणी सातपासून आहे आणि बोनस त्या मोजणीवर आहे. मोजणी सातपासून का? तो नियम मी केला होता, २०११ मध्ये, माझ्या टेबलावर बसून.

सरांनी मग साखळी उलटी वाचायला लावली, खालून वर, प्रत्येक पायरीला ‘म्हणून’ जोडून. बोनस सातपासून, म्हणून थेट काम लावलं जातं, म्हणून मशिन थंड असताना नग निघतात, म्हणून बोअर सरकतं. ‘म्हणून’ कुठे अडखळला तर समजायचं की तिथे आपण गृहीत धरलंय, पाहिलेलं नाही. ही परीक्षा मला पाच ‘का’पेक्षाही मोलाची वाटते. पाच हा आकडा काही पवित्र नाही. कधी तिसऱ्यातच तळ लागतो, कधी एका प्रश्नाला दोन फाटे फुटतात आणि दोन्ही धरावे लागतात. मात्र ‘माणसाची चूक’ या उत्तरावर थांबायचं नाही, हे आम्ही पाळतो. माणूस चुकणारच. त्याच्या चुकीला वाट कुठून मिळाली ते शोधायचं.

उपाय साधा निघाला. मंगळवारपासून सातला मशिन रिकामं फिरवायचं, २० मिनिटं. तेवढ्यात ऑपरेटर चिप्स काढतो, नग पकडणारे जॉ पुसतो, गेज तपासतो. मोजणी सात वीसपासून. पहिला तास दर पाचव्या नगाचं माप. त्या हाउसिंगच्या बोअरची तक्रार त्यानंतर आलेली नाही. दिवसाला २० मिनिटं गेली म्हणून उत्पादन घटेल ही माझी भीती होती. रिजेक्शन आणि रिवर्क कमी झाल्यावर महिन्याच्या हिशेबात ती मिनिटं कुठे गेली ते सापडलंही नाही.

पुढच्या रविवारी मी कागल तालुक्यातल्या त्या गावी गेलो. पोरगा शेतात होता, घरी त्याची आई होती. तो येईपर्यंत ओसरीवर बसलो. आल्यावर काय झालं होतं ते सगळं सांगितलं, कापलेला बोनस पाकिटात घालून दिला. परत ये म्हटलं. त्याला दुसरीकडे बरं काम लागलं होतं, तो आला नाही. पाकीट मात्र त्याने आईच्या हातात दिलं आणि म्हणाला, “बघ, मी सांगत हुतो न्हवं.” घरातल्यांनीसुद्धा त्याच्यावर विश्वास ठेवला नव्हता, हे मला त्या वाक्यावरून कळलं.

मग बाकीच्या गोष्टी एकामागून एक आल्या. मशिनवर एक जॉब काढून दुसरा लावायला किती वेळ लागतो त्याचं मोबाइलवर चित्रीकरण केलं. निम्मा वेळ नट-बोल्टचे पाने शोधण्यात जात होता. तीन तासांचं सेटिंग आता पाऊण तासात होतं. कानबान, म्हणजे माल संपल्याची खूण मिळाली की नवा मागवायची जपानी रीत, समजावताना मला कोष्टक काढावं लागलं नाही. ज्या घरात दोन गॅस सिलिंडर आहेत तिथे ते चालूच असतं : एक संपलं की दुसरं लावायचं आणि त्याच क्षणी नंबर लावायचा. रिकामं सिलिंडर हीच चिठ्ठी. आमच्या इन्सर्टचे, म्हणजे धातू कापणाऱ्या बदलत्या टोकांचे, आता दोन डबे असतात आणि पहिला रिकामा झाला की तो थेट ऑफिसच्या टेबलावर येतो.

पोका-योके, म्हणजे चूक होऊच न देणारी युक्ती, हिच्याबद्दल थोडं जास्त लिहितो. जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो यांनी १९६१ मध्ये एका कारखान्यात पाहिलं की छोट्या स्विचमध्ये दोन स्प्रिंगा बसवताना कामगार कधी कधी एखादी विसरतात. त्यांनी एवढंच केलं : आधी दोन स्प्रिंगा बशीत काढून ठेवायच्या, मग बसवायच्या. बशीत एक उरली तर काहीतरी राहिलं. अशा युक्त्यांना आधी ‘बाका-योके’ म्हणत, म्हणजे मूर्खपणा टाळणारी. १९६३ मध्ये एका कारखान्यात अशी युक्ती बसवली तेव्हा तिथल्या एका कामगार स्त्रीला, आपण इतक्या मूर्ख ठरलो का, या विचाराने रडू कोसळलं. शिंगोंनी शब्द बदलला. ‘पोका’ म्हणजे अनवधानाने होणारी चूक, कुणाकडूनही होणारी. मी हे वाचलं तेव्हा मला आमच्या केबिनमधला तो कापरा आवाज आठवला. शब्दाचं एवढं काय, असं मी आता कुणाला म्हणू देत नाही.

ही बशी नंतर माझ्या घरी आली. वडिलांची रक्तदाबाची संध्याकाळची गोळी चुकायची आणि मी त्यांच्यावर चिडायचो, “बाबा, का विसरता?” ते गप्प बसत. मला त्यांच्या जागी तो ऑपरेटर दिसला तेव्हा मी खाली त्यांच्या खोलीत जाऊन बसलो आणि नीट विचारलं. ते विसरत नव्हते. घेतली की नाही हेच त्यांना नक्की आठवत नसे, आणि दुपटीने जायला नको म्हणून ते घेत नसत. पाकिटावरून आजची गोळी गेली का ते कळायला मार्गच नव्हता. आता सकाळी त्यांच्या दिवसभराच्या गोळ्या एका छोट्या वाटीत काढून ठेवतो. रात्री वाटी रिकामी असली की झालं.

घरात मी हे सगळीकडे लावायला निघालो होतो. बायकोने एकदा स्पष्ट सांगितलं, “प्रत्येक गोष्टीचं कारण शोधायला मी तुमचा जॉब नाही. कधी नुसतं ऐकायचं असतं.” ते मला पटलं. मुलीचे गणितात मार्क कमी आले तेव्हा पहिले दोन दिवस मी काहीच विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी तीच सांगायला आली की मागच्या बाकावरून फळ्यावरचं नीट दिसत नाही. तिला चष्मा लागला.

सध्या शेडच्या भिंतीवर एक कागद लावलेला आहे. पावसाळ्यात मशिनिंग झालेल्या बोअरवर पॅकिंगच्या आधीच गंज चढतो, दरवर्षी. आम्ही ऑइल बदलून पाहिलं, पिशव्या बदलल्या. यंदा पॅकिंगवरच्या मावशींनी एक नग उजेडात धरला आणि म्हणाल्या, “ह्यो डाग बोटाच्या आकाराचा हाय.” खरंच होता. घामाने गंज धरतो. त्यांनीच मग तीन दिवस बघितलं की उघड्या हाताने नग नेमका कुठे कुठे धरला जातो. हातमोजे दिलेले आहेत, पण गेज लावताना पोरं ते काढतात. कशामुळे काढतात? मोज्यातून गेजची पकड कळत नाही, असं एकाने सांगितलं. दुसरा म्हणतो, मोजे ऑइलने ओले होतात आणि बदली जोडी मिळत नाही. दोन फाटे फुटलेत. पहिल्याखाली मावशींनी पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलंय, दुसऱ्याखालची ओळ कोरी आहे. स्टोअरमधून महिन्याला मोज्यांच्या किती जोड्या द्यायच्या ते मीच ठरवलेलं आहे. मंगळवारी सकाळी मी गेजिंगच्या टेबलाजवळ उभा राहणार आहे.