एवढं भराभर टाइप कसं करता?

‘एवढं लांबलचक उत्तर पाच मिनिटांत कसं लिहून होतं?’ असं बरेच जण विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. त्यातलं निम्मं मी टाइपच करत नाही. नेहमी लागणाऱ्या मजकुरासाठी मी छोटी अक्षरं, म्हणजे शॉर्टकट, ठरवून ठेवलेत; ती लिहिली की पूर्ण मजकूर आपोआप येतो. ‘,,पत’ एवढं उमटवलं की त्या जागी माझा चार ओळींचा पत्ता येतो, ‘,,ता’ लिहिलं की आजची तारीख.

ते दोन स्वल्पविराम फार महत्त्वाचे. सुरुवातीला मी नुसतं ‘पत’ ठेवलं होतं. मग ‘पत्र’ लिहायला गेले, की त उमटताक्षणी अख्खा पत्ता मध्येच येऊन पडायचा! इंग्रजीत लिहिणारे शॉर्टकटच्या आधी अर्धविराम लावतात, पण इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या मांडणीत त्या कळीवर च असतो. स्वल्पविराम मात्र जागच्या जागी राहतो, आणि दोन स्वल्पविराम लागोपाठ कुणी लिहीत नाही. मराठीत टाइप करणाऱ्यांना मी हीच खूण सुचवते.

कॉम्प्युटरवर या कामासाठी मी ‘एस्पान्सो’ नावाचं सॉफ्टवेअर वापरते. ते मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. त्यातल्या शॉर्टकटची यादी साध्या मजकुराच्या फाइलीत असते, म्हणून पासवर्ड त्यात कधीच ठेवू नका. आयफोनवर वेगळं काही घ्यावं लागत नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ‘टेक्स्ट रिप्लेसमेंट’ असतंच. अँड्रॉइडवर जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डच्या ‘पर्सनल डिक्शनरी’त शॉर्टकट लिहायची जागा आहे.

कल्पना जुनीच आहे. तारेने बातम्या पाठवणाऱ्यांसाठी वॉल्टर फिलिप्स यांनी १८७९ साली संक्षेपांचा एक कोश काढला. ‘स्कोटस’ एवढं पाठवलं, की पलीकडचा माणूस अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचं पूर्ण नाव लिहून घ्यायचा.

वेळ वाचतो हे खरंच, पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते बिनचूकपण. खाते क्रमांक एकदा नीट तपासून ठेवला, की पुढे त्यातला आकडा चुकत नाही. फक्त ठेवताना दोनदा तपासा, कारण तिथली चूकही तितक्याच इमानाने प्रत्येक वेळी उमटते.

एकदम पन्नास शॉर्टकट करू नका, लक्षात राहणार नाहीत. पाठवलेले शेवटचे वीस मेल उघडा आणि कोणतं वाक्य पुन्हा पुन्हा येतंय ते पाहा. तेवढंच आधी घ्या. कुणाच्या घरी दुःख झालं असेल, तर त्या निरोपासाठी माझ्याकडे शॉर्टकट नाही. तो मी अक्षर अक्षर लिहिते, लागेल तेवढा वेळ लागू दे.