वैनगंगेच्या पुरानंतर: ब्रह्मपुरीकडे मदतीला जाणार असाल तर

२०२० च्या ऑगस्टअखेर, ऐन गणपतीत, मध्य प्रदेशातून पाण्याचा लोंढा आला, गोसेखुर्द धरणाचे दरवाजे उघडले आणि वैनगंगा नदी पात्र सोडून धानाच्या बांध्यांत, म्हणजे शेतांत, शिरली. १९९४ नंतर एवढं पाणी पाहिलं नव्हतं, असं काठावरचे म्हातारे सांगत होते. आम्ही नागपूरची काही मंडळी पाणी ओसरल्यावर चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका गावात गेलो आणि दिवाळीनंतर परत गेलो. दुसरी खेप जास्त कामाची ठरली. असं संकट पुन्हा आलं आणि कुणी निघालं, तर त्यांच्यासाठी हे लिहितोय.

नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड करत ब्रह्मपुरी साधारण सव्वाशे किलोमीटर. कोरोनामुळे तेव्हा पॅसेंजर बंद होत्या. एरवी गोंदिया–बल्लारशा मार्गावर ब्रह्मपुरीला स्टेशन आहे. आतल्या गावांना दुचाकीच बरी. लाडजसारख्या गावाला तर चारही बाजूंनी नदी, तिथे पूर उतरेपर्यंत आपल्यासारख्यांनी जाऊच नये. बचावाचं काम ज्यांचं त्यांना करू द्यावं.

पहिल्या खेपेला गावात मदतीची नुसती झुंबड. समाजमंदिरासमोर जुन्या कपड्यांचा ढीग पडला होता आणि त्यात चक्क जरीचे लेहंगे. एक काकू वैतागून म्हणाल्या, “कपडे नोका आणू भाऊ, ताडपत्री आना.” ताडपत्री, सुतळी, घमेली, फावडी, टॉर्च आणि झाकणाचे पाण्याचे ड्रम, एवढं नेलं तरी पुष्कळ.

गाळ उपसायला लगेच भिडू नका. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक यांचा पंचनामा झाला का, ते आधी विचारा. झाला नसेल तर पडलेली भिंत, भिजलेलं धान, मेलेली शेळी यांचे फोटो काढा, घरमालकाला त्यात उभं करा. तुम्ही उत्साहाने घर लख्ख केलंत की नुकसान दाखवायला काही उरत नाही.

दुसरी गोष्ट मातीच्या घरांची. भिंत पुरात टिकली म्हणजे वाचली, असं समजू नका. तळ भिजून मऊ झालेला असतो आणि ऊन पडल्यावर भेगा पडून ती अचानक बसते. छपरावरच्या कवेलूंचं (कौलांचं) ओझं वर असतंच. गावातल्या जाणत्या मिस्त्रीने हो म्हटल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. तणसाच्या (धानाच्या पेंढ्याच्या) आणि लाकडांच्या ढिगात साप आसऱ्याला येतात, म्हणून हात घालण्याआधी लांब बांबूने ढीग हलवा. गमबूट हवेतच. धनुर्वाताचं इंजेक्शन निघण्याआधी घ्या आणि सर्पदंशावरचं इंजेक्शन जवळ कुठल्या दवाखान्यात आहे ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

विहिरीचं काम आरोग्य सेवकाला सोबत घेऊनच. आधी उपसा, मग ब्लिचिंग पावडर. एरवी हजार लिटरला अडीच ग्रॅम हे माप असतं, पण पुराच्या गढूळ पाण्याला ते पुरत नाही. तपासणी करून किती टाकायची ते तोच सांगेल.

आता दिवाळीनंतरचं. तोवर ट्रक थांबलेले, फोटो काढणारे गेलेले. हलकं, म्हणजे लवकर येणारं, धान हातचं गेलेलं, बांध्यांत वाळू साचलेली, आणि घर मात्र ताडपत्रीखालीच. भिंती उभ्या करायचा हंगाम हाच, कारण मातीचा एक थर वाळल्याशिवाय दुसरा चढवता येत नाही आणि पावसाळ्यात तो वाळत नाही. आम्ही माती कालवली, तणस मिसळलं, घमेली वाहिली. थर चढवायचं कसब मात्र गावकऱ्यांचंच. शाळेच्या भिंतीवर पाण्याची रेघ राहिली होती. ती पाहून काहींनी जोतंच उंच घेतलं. शहाणपणाचं काम, फक्त भरणाला मुरूम फार लागतो. वर्गणी गोळा करणार असाल तर ती मुरमाच्या ट्रॉल्यांसाठी करा.

फुकट श्रमदानाचा सोस मला पटत नाही. हंगाम बुडालेल्या गावात लोकांना मजुरीच हवी असते. जे काम ते करू शकतात त्याचे पैसे त्यांना द्या, तुम्ही हाताखाली राबा. सामानही ब्रह्मपुरीच्या दुकानांतूनच घ्या.

शहरी माणसाचा खरा उपयोग कागदांत होतो. पुरात रेशनकार्ड, आधार, बँकेचं पासबुक, सगळं वाहून जातं. लॅपटॉप, प्रिंटर घेऊन चावडीत बसलात तर दिवस पुरत नाही. घरपट्टीचा नमुना आठ, सातबारा काढून द्या, अर्ज भरून द्या. प्रधानमंत्री आवास योजनेच्या घरकुलाला तेव्हा रोजगार हमीतून ९० दिवसांची अकुशल मजुरी मिळायची, हे अनेकांना ठाऊक नव्हतं. त्यासाठी जॉबकार्ड लागायचं. आता काय लागतं, तेही त्याच बैठकीत तपासून घ्या.

जेवणाचा शिधा आपला न्यावा आणि शिजवायला बचत गटाच्या बायांना पैसे देऊन सांगावं. निघण्याआधी सरपंचांना फोन करून नेमकं काय लागतंय ते विचारा. नुकतीच दुसरी तुकडी येऊन गेली असेल, तर शेजारचं गाव धरा.