धुक्यातला धूर

वाळवंटात धुकं पडतं हे अबुधाबीतल्या रुवैसला, तिथल्या रिफायनरीत कामाला, येईपर्यंत मला माहीत नव्हतं. उत्तरेला समुद्र, जमिनीवर सबखा म्हणजे मिठाचे सपाट पट्टे, आणि मागे वाळू. जानेवारीत रात्री वाळू निवली की पहाटे शेजारचा कॉलम, म्हणजे रिफायनरीतला उंच पोलादी मनोरा, तोसुद्धा दिसेनासा होतो.

त्याआधी मी माहुलला होतो. तिथे रिफायनरीच्या भिंतीला लागून मुंबई आहे. इथे आधी रिफायनरी आणि मग तिच्यासाठी गाव. अबुधाबीपासून पश्चिमेला सुमारे २४० किलोमीटर. १९८२ साली रिफायनरी सुरू झाली तेव्हा क्षमता रोज १ लाख २० हजार बॅरलची होती, २०१५ च्या विस्तारानंतर ती ८ लाखांच्या पुढे गेली. गावात जवळपास प्रत्येक घरातून कुणीतरी शिफ्टला जातं. कंत्राटी कामगार राहतात ते मात्र बाहेर, कॅम्पात.

शटडाऊनचा, म्हणजे दुरुस्तीसाठी युनिट बंद ठेवण्याचा, नववा दिवस, माझी नाइट शिफ्ट. एका कॉलमच्या माथ्यावरचा डेमिस्टर, म्हणजे तारेच्या जाळीचा जाड थर, तुकडे करून मॅनवेतून, म्हणजे माणूस आत शिरेल एवढ्या झडपेतून, बाहेर काढला होता. त्या जाळीत काळी भुकटी बसलेली असते, आयर्न सल्फाइड. आतल्या हायड्रोजन सल्फाइड वायूमुळे गंजाचं ते होतं. आत हवा नाही तोवर ते शांत असतं. बाहेर काढून सुकू दिलं की हवेतल्या ऑक्सिजननेच तापतं आणि ठिणगीशिवाय पेटतं. म्हणून ते सतत भिजत ठेवायचं आणि ओलं असतानाच ट्रकने हलवायचं. या तुकड्यांनी भरलेल्या आमच्या लोखंडी टोपल्या वरच्या प्लॅटफॉर्मवर होत्या, पाचच्या सुमारास क्रेनने खाली येणार होत्या.

पाचला धुकं इतकं दाटलं की क्रेन थांबवावी लागली. सहाला रेडिओवर कळलं की रस्त्यावर ट्रक आणि कामगारांच्या बसना बंदी आहे. म्हणजे टोपल्याही जाणार नाहीत आणि डे शिफ्टही येणार नाही.

पाण्याच्या होजवर सिवानचा एक हेल्पर होता. रात्री सातपासून तो उभाच होता. पाणी जाळीतून खाली गळत होतं आणि खालचे स्कॅफोल्डर, म्हणजे परांची बांधणारे, उतरण्याची वाट पाहत कुडकुडत होते. मी त्याला म्हणालो, "दस मिनट बंद कर दो, नीचेवाले उतर जाएँगे." या एका वाक्याचं मला आजही वाईट वाटतं. नियम मला पाठ होता. बारा तासांच्या थकव्यात मला फक्त भिजणारी माणसं दिसली.

त्याने व्हॉल्व्हवरचा हात काढला नाही. "नहीं साब. सूखेगा तो जागेगा." मग त्याने खालच्यांना हाक मारून दुसऱ्या शिडीकडून जायला सांगितलं. ती शिडी मला सुचायला हवी होती.

सातच्या सुमारास तो एकदम म्हणाला, "साब, बू आ रही है." मला काही दिसेना. सगळीकडे पांढरंच, त्यात धूर कुठला आणि धुकं कुठलं? कॉलरवरचा डिटेक्टर गप्प होता. तो हायड्रोजन सल्फाइड ओळखतो, हा वास वेगळा होता, काडेपेटीची काडी विझल्यावर येतो तसा, घशाला झोंबणारा. जळत्या गंधकाचा. भिंतीकडच्या टोपलीत एक तुकडा दुसऱ्याखाली दबला होता, तिथे पाणी पोचत नव्हतं. खाली वाकलो तर आत निखाऱ्यासारखी लाल रेघ.

मी फायर वॉचला, म्हणजे आगीवर लक्ष ठेवणाऱ्या माणसाला, रेडिओवर बोलावलं, मास्क लावले. हेल्परने होज वळवला, मी लांब सळईने वरचा तुकडा उचलून धरला. फस्स करून वाफ उठली. चार-पाच मिनिटांत लाल गेलं, पण आम्ही अर्धा तास प्रत्येक टोपली उलटीपालटी करून भिजवत राहिलो. मॅनवेतून आतही पाणी मारलं, कारण कॉलमच्या आत तीच भुकटी अजून शिल्लक होती.

मग फारसं बोलणं झालं नाही. खालून कुणीतरी चहा पाठवला. तो त्याने एका हाताने प्यायला, दुसऱ्या हातात होज. बोटं पांढरी पडून सुरकुतली होती. मी होज मागितला तेव्हा आधी माझ्याकडे पाहिलं, मग दिला. वीस मिनिटं मी धरला.

दहा वाजता धुकं विरलं. आधी फ्लेअरची, म्हणजे नको असलेला वायू जाळणाऱ्या चिमणीची, ज्योत दिसली, मग कॉलम, मग समुद्राची रेघ. साडेदहाला बस आली. डे शिफ्टचा माणूस वर आला, त्याने आधी होजवर आपली पकड बसवली आणि मगच याने हात सोडला. पाणी मध्ये एकदाही थांबलं नाही.