चरबीच्या पेशीभोवतीचे कडे

चरबी म्हणजे केवळ साठवणीची कोठी, ही समजूत १९९३ साली गोखान होतामिश्लिगिल, ब्रूस स्पिगेलमन आणि सहकाऱ्यांनी मोडीत काढली; लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा हे दाह वाढवणारे प्रथिन तयार होते आणि ते निष्प्रभ केल्यास रक्तातील साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनचा परिणाम सुधारतो, असे त्यांनी दाखवून दिले. सूक्ष्मदर्शकाखालचे दृश्य तर मला फार अस्वस्थ करते: फुगून मेलेल्या एकेका चरबीपेशीभोवती मृत पेशी गिळून टाकणाऱ्या भक्षक पेशी मुकुटासारखे कडे करून बसलेल्या असतात.

चरबीचा हा प्रश्न केवळ लठ्ठ माणसांचा नाही. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन) २२.३, परंतु शरीरातील चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, तर युडकिनांची ९.१ टक्के. म्हणजे नुसत्या वजनावरून चरबी कळत नाही; हे वाचल्यापासून घरच्यांच्या वजनाबरोबर पोटाचा घेरही मी टेपने मोजते.